खालच्या पलंगावरची सोबत

लेक पाठीवर सॅक टाकून एकटीच परदेश बघायला निघाली, तेव्हा शिंपीणबाईंनी नवस बोलला होता. पोर सुखरूप घरी येईपर्यंत रोज दिवेलागणीला हात जोडायचे, आणि आधी मागायचं ते वाटेत अडकलेल्या कुणा परक्या लेकरासाठी. आपल्या लेकीचं नाव शेवटी. "देवाला घाई करू नये," असं म्हणायच्या.

मामांनी गोष्ट इथूनच सुरू केली. वीज गेली होती, गच्चीवर सतरंजी टाकलेली, आणि भाचरं त्यांना चिकटून बसली होती.

"मामा, तुम्ही तिथे होता?" धाकटीने विचारलं.

"नव्हतो. असतो तर तुमची कटकट ऐकायला उरलो असतो का? पण शिंपीणबाई आमच्या शेजारच्या. लेकीच्या मनगटावरचा वळ मी या डोळ्यांनी पाहिलाय. ऐक गप."

लेकीला सगळे भिंगरी म्हणत. पाय घरात ठरायचा नाही. त्या फेरीत तिच्या फजितीला सुमार नव्हता. कुठे कुत्रं मागे लागलं, कुठे चुकीच्या बसमध्ये झोपून ती भलत्याच डोंगरावर पोचली. आईला फोनवर सगळं हसत हसत सांगायची.

गेल्या डिसेंबरातल्या पहिल्या शनिवारची रात्र. पुढच्या बसचं तिकीट काढायला ती एका लहान शहराच्या स्टँडवर गेली, तर खिडकी बंद. म्हणून समोरच्याच लॉजमध्ये शिरली. खाली बंद पडलेलं गॅरेज, वर एक खोली, खोलीत एकच दुमजली लोखंडी पलंग. मालक उतारवयाचा, गोडबोल्या. गरम पाण्याची बादली स्वतः वर आणून दिली.

"एकट्याच?"

"एकटीच."

"इथे उतरलाय ते घरी कळवलंत ना? आई काळजीत असेल."

"फोन बंद पडलाय. उद्या कळवीन."

"मग वरच्या पलंगावर झोपा. खाली वारा लागतो."

मामा थांबले. "एकट्याने फिरणाऱ्याने असं कधी बोलू नये, पोरांनो. कळवलंय म्हणावं. नसलं तरी."

भिंगरीने कडी लावली. सॅक खालच्या रिकाम्या पलंगावर ठेवली आणि तिचा लांब पट्टा वर घेऊन मनगटाला बांधला. चोराने सॅकला हात लावला तर जाग यावी, म्हणून तिची ही सवय. पट्टा आईनेच दुहेरी शिवणीचा करून दिला होता.

मध्यरात्री पट्टा हलला.

तिला वाटलं, आपणच कूस बदलली. पुन्हा हलला. हलकेच, कुणी उठवावं तसा…

खाली कुणीतरी श्वास घेत होतं. गळा आवळल्यासारखा. घर्र… घर्र…

"कोण आहे?"

बाहेर जिना वाजला. दाराच्या फटीतून तार आत आली. कडी वर उचलली गेली.

आणि पट्ट्याला हिसका बसला.

ती वरून फरशीवर आदळली. दात ओठात रुतले. त्याच क्षणी वर, तिच्या उशीवर, सळई पडली. एकदा. पुन्हा. कापूस उडाला. मग मालक थांबला. उशीवर डोकं नाही, हे त्याच्या हाताला कळलं.

सळई खाली वळली. भिंगरीच्या गुडघ्यावर आदळली. हाड मोडल्याचा आवाज तिने स्वतः ऐकला. पुढचा घाव डोक्यावर येणार…

मनगट मोकळं झालं. गाठ कुणी सोडली, ते तिला आजही ठाऊक नाही. अंधारात पट्टा सरपटत गेला.

"तू?" मालक म्हणाला.

एवढंच.

मग त्याच्या टाचा फरशीवर घासू लागल्या. ती घरघर आता त्याच्या घशातून येत होती. तो नखांनी स्वतःचाच गळा ओरबाडत होता. रक्त तिच्या गालावर उडालं. गरम. बराच वेळ…

मग काहीच नाही.

सकाळी स्टँडवरच्या लोकांना तिचं कण्हणं ऐकू आलं. मालक मरून पडला होता, गळ्यात तिच्या सॅकचा पट्टा. पोलिसांनी झडती घेताना गॅरेजची जमीन उकरली. खाली एका तरुण पोराची हाडं निघाली. कुठला, कुणाचा, अजून कळलेलं नाही.

"त्यानेच वाचवलं तिला?" थोरल्याने विचारलं. आवाज अगदी बारीक.

"मी काय सांगू बाबा? भिंगरी लंगडत का होईना, घरी आली. बाईंनी सॅक उपसली, तर तळाशी बूट. पुरुषाचे, मोठ्या मापाचे, नाड्या एकमेकींत गुंतवलेल्या. भिंगरीने ते कधी पाहिलेच नव्हते. बाईंनी ते दारात ठेवलेत, उंबऱ्याच्या आत. सगळा उन्हाळा गेला… तळव्यांचा चिखल अजून ओला आहे."

धाकटीने मामांचा हात घट्ट धरला.

"चला, झोपा आता," मामा हळूच म्हणाले. "पण त्याआधी हात जोडा. तोही कुणाच्या तरी घरून निघाला होता. आधी त्याच्या आईसाठी मागा. मग आपलं."