एकतीस गुणांचा प्रकल्प

"ह्यो प्रकल्प माझा नाय," रोशनीनं टाइप केलेल्या कागदांची चळत टेबलावर ठेवली. "वरचं नावाचं पान तेवढं माझं. खालचं सगलं दुसऱ्या कुनाचं."

१९९६ च्या मार्चमधला शुक्रवार. पेणच्या बसस्थानकासमोर खाजगी तपासनीस बाबाजी ठाकूरची खोली होती. त्याच्याबरोबर होता त्याचा मदतनीस जनू कडू. समोर धरमतरच्या मिठागरावर राबणारी पुतळी आणि तिची मुलगी रोशनी. मुलगी अर्थशास्त्र घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती.

जनूनं गुण पाहिले. शंभरात एकतीस. पास व्हायला पस्तीस हवे होते.

"प्रकल्पात नापास झालं तं परीक्षेलाच बसता येत नाय," रोशनी म्हणाली. "यादी आज पाच वाजता रोह्याच्या परीक्षक बाईंकडनं विद्यापीठात जानार. सोमणसरांकडं गेले, तं त्यांनी दारातूनच परतवलं. ऐकलंच नाय."

"हातानं लिहिलेला मजकूर?" बाबाजीनं विचारलं.

"आयनं त्यात सुकट बांधली."

"मला काय ठावं गो?" पुतळी उसळली. "टाइप झालं म्हनलीस, म्हनून घेतलं. गिऱ्हाइकाला काय पदरात देऊ सुकट?"

"जनू, मधलं एखादं वाक्य वाच," बाबाजी म्हणाला.

"'मिठाचा भाव पडला की उत्पादक मीठ राखून ठेवतो आणि श्रावणात चढ्या भावानं विकतो.'" जनूनं मान डोलावली. "चांगलं लिहिलंय की!"

पुतळी फस्सकन हसली. बाबाजीनं तिच्याकडे एकदा पाहिलं.

"रोशनी, तुझ्या प्रकल्पात काय होतं, हे कुणाला बोललीस?"

"कुनालाच नाय. इचारलंच नाय कुनी."

"मग आता मलाही सांगू नकोस. रोह्याला पोहोचेपर्यंत दोघींनी तोंड बंद ठेवायचं."

टाइपिंगवाला केरू आधीच वैतागला होता. "वर्गातल्या दोघांचेच प्रकल्प माझ्याकडं होते, रोशनीचा नि गडबच्या विशालचा. मशिन एक, कागद एक. दोन्ही प्रकल्प सोमणसरांच्या हातात दिले."

"वाचले होतेस?"

"वाचत बसलो तर पोटाला काय खाऊ?"

विशाल गडबच्या नाक्यावर भेटला. त्याला ब्याण्णव गुण पडले होते, वर्गात पहिला नंबर. तरी चेहरा उतरलेला.

"मिठाचा भाव पडला तर काय होतं रे?" बाबाजीनं विचारलं.

"उत्पादक मीठ राखून ठेवतो," विशाल पाठ म्हणावं तसं म्हणाला. "सरांच्या वहीत हाय तेच लिवलं मी. ब्याण्णव कसे पडले, मलाच कळत नाय."

"चल आमच्याबरोबर."

प्रा. सोमण पंधरा वर्षं अर्थशास्त्र शिकवत होते. रोशनीचं नाव काढताच त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"निकाल लागल्यावर तिचा प्रकल्प मी स्वतः वाचला. भाव पडला तरी पावसाआधी सगळं मीठ विकून टाकतात म्हणे! पुरवठ्याचा नियमच मोडला. एकतीस मिळाले हेच खूप झालं."

"बरोबर आहे," बाबाजी नम्रपणे म्हणाला. "हेच रोह्याला येऊन बाईंना सांगाल का, सर?"

सगळे रोह्यात पोहोचले तेव्हा सव्वाचार झाले होते. परीक्षक प्रतिक्षाबाईंच्या टेबलावर यादी तयार होती. शेजारी, पहिला आला म्हणून ठेवून घेतलेला, विशालच्या नावाचा ब्याण्णव गुणांचा प्रकल्प.

"बाई, यात मिठाबद्दल काय लिहिलंय?"

बाईंना शोधावं लागलं नाही. "'ज्याच्याकडे कोठार नाही, तो भाव पडला तरी पावसाआधी सगळं मीठ विकतो, नाहीतर पाणी होतं.' मुलगा मिठागरावर जाऊन बघून आलाय. म्हणून तर ब्याण्णव दिले."

"विशाल, हे तू लिहिलंस?"

"नाय." विशाल खाली पाहत होता.

"रोशनी, आता बोल."

"माझं हाय ते. आयची सगली रास पान्यात गेली होती एका साली. तवापासनं आमी थांबत नाय."

जनू गोंधळला. "म्हणजे केरूनं नावाची पानं बदलली?"

"केरूलाही बदलता आली असती," बाबाजी म्हणाला. "पण सर म्हणतात, रोशनीच्या नावाचा प्रकल्प त्यांनी वाचला. त्यात तर मीठ श्रावणापर्यंत राखून ठेवलंय. धरमतरचं कुणी असं लिहिणार नाही, पुतळीबाई उगाच हसल्या नाहीत. पावसाआधी विकायचं वाक्य आहे ते या दुसऱ्या प्रकल्पात. त्यावर नाव विशालचं. रोशनी कुणाशी बोलली नाही, विशालला ठाऊक नाही, आणि हा प्रकल्प बाईंकडेच होता. तरी सरांना माहीत होतं की ते वाक्य रोशनीचं. पानं बदलण्यापूर्वी ज्यानं दोन्ही वाचले, त्यालाच ते माहीत असणार."



"गेल्या वर्षी तुम्हीच म्हणालात, बाई," सोमण म्हणाले, "की पेणची मुलं वही ओकतात. या मुलानं माझा शब्द न् शब्द पाठ केला. आणि जिनं माझं वाक्य खोडलं, ती पहिली येणार?"

"ती चूक लिहिते, असं तुम्हाला खरंच वाटतं?" बाईंनी विचारलं.



बाईंनी यादीत रोशनीचं नाव आणि पुढे ब्याण्णव लिहिलं. पुतळीनं पदरानं तोंड पुसलं. मग बाईंनी विशालच्या नावावर पेन टेकवलं आणि त्या थांबल्या.

"त्याला नापास करू नका," सोमण घाईनं म्हणाले. "मी सांगितलं तेच त्यानं लिहिलंय."

"मग हे एकतीस गुण कुणाचे, सर?"

सोमण उठून उभे राहिले. विशालकडे त्यांना बघवेना.

"माझे," ते म्हणाले.