डाव्या बाजूची जाळी

बसा पावणं. तुमच्या मोटरीचं वार्निश वलं हाय अजून, वाळायला तासभर तरी लागंल. घाई केलीसा तर विहिरीवर नेऊन जोडल्या जोडल्या जळंल, आणि मग अख्ख्या हातकणंगल्यात माझ्याच नावानं बोंब माराल.

ती पांढरी गाडी व्हय? माझीच. न्हाई, विकायची न्हाई. चौदा वर्सांची हाय, पर इंजिन गुळगुळीत. तुमच्या आधी दोघांनी इचारलं. का विकत न्हाई ते सांगतो, पर मला येड्यात काढायचं न्हाई.

दोन वर्सं झाली. आमच्या मालकिणीच्या, क्रांतीच्या आतड्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं. मग डॉक्टरनं केमो सांगितला, दर पंधरा दिसाला एकदा, अशा बारा फेऱ्या कोल्हापूरला. एस्टीत तिला सोसवंना. म्हणून हुपरीच्या आकाराम नावाच्या चांदी कारागिराकडनं ही गाडी घेतली. किल्ली देताना तो माणूस एवढंच बोलला, "डाव्या बाजूची एसीची जाळी सैल हाय. राहू द्या तशीच."

मी मनात हसलो. मी हयातभर मोटरी बांधतोय, मला एक प्लास्टिकची जाळी आवरंना व्हय?

आता क्रांतीच्या औषधाचा गुण असा, की सलाईन लागलं की चार-पाच दिवस गार काय बी चालायचं न्हाई. गार पाणी प्यायली तर घसा आवळायचा. गार वारं तोंडावर आलं तर जबडा धरायचा, गालात सुया टोचायच्या. एसी बंद ठेवावा तर चैताचं ऊन, काच उघडावी तर डंपरची धूळ, आणि मागं बसवावी तर ओकाऱ्या. म्हणून तिला पुढं बसवायची आणि जाळ्या माझ्याकडं फिरवून ठेवायच्या, असं ठरलं.

पयल्या दिवशी दुपारी परत येत व्हतो. शिरोली मागं पडली, आणि टक्क करून आवाज आला. बघतो तर डावी जाळी तिच्याकडं फिरलेली. क्रांतीनं दोन्ही हातांनी गळा धरलेला, डोळं पांढरं, तोंडातनं शब्द फुटंना. गाडी कडंला घेतली, एसी बंद केला, टॉवेल तिच्या तोंडाला गुंडाळला. दहा मिनिटांनी ती बोलाय लागली. त्या दहा मिनिटांत माझं काय झालं ते मलाच ठावं.

घरी आल्या आल्या जाळी उपसून काढली. खुंटी झिजलेली व्हती, दुसरं काय न्हाई. कागदाची घडी सारली. पुढच्या फेरीला घडी क्रांतीच्या पायाशी पडलेली, आणि जाळी तिच्याकडं. मग सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून खुंटीला गुंडाळली. अशी घट्ट बसली की फिरवताना माझं बोट दुखलं. ती बी सुटली. मग फोमची टेप. प्रत्येक डावाला शिरोलीच्या पुढं टक्क, आणि क्रांतीचं तोंड वाकडं. शेवटी चिडून गम ओतला, म्हटलं आता देव आला तरी हलायची न्हाई.

गम वाळायची वाट बघत गाडीतच बसलो. दुपारचं तीन वाजलं असतील. ह्याच झाडाखाली गाडी उभी, इंजिन बंद, किल्ली माझ्या खिशात. चिटपाखरू न्हाई. तवा आतनं रिठ्याचा वास आला. चांदी धुत्यात न्हाई का, तो रिठा. आणि माझ्या डोळ्यांदेखत गमाचा पापुद्रा कडकडला. जाळीच्या पात्या हलाय लागल्या... सावकाश... कुणी बोटानं बसवावं तशा. जरा वर. जरा डावीकडं. मग थोडं खाली आल्या आणि थांबल्या. क्रांती उंच हाय, पावणं. पात्या थांबल्या त्या एका बुटक्या, सीटवर घसरून बसलेल्या माणसाच्या तोंडासमोर.

मी दार उघडंच टाकून पळालो. खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी एस्टीनं हुपरीला गेलो. आकाराम उंबऱ्याशी पैंजणाच्या कड्या जोडत बसलेला. मी तोंड उघडायच्या आधीच त्यानं चिमटा खाली ठेवला.

"जाळी?" तो म्हणाला.

"आधी सांगायचं की राव! माझी बायको मरता मरता वाचली."

"सांगितलं असतं तर तुमी गाडी घेतली असती?"

त्यानं पाणी दिलं आणि सांगितलं. त्याची बायको झुंबरबाई, फुप्फुसाचं दुखणं. दम कोंडायचा तिचा. गाडीत वारं तोंडावर आलं की तेवढं बरं वाटायचं. पर ती जाळी सारखी खाली पडायची, वारं गुडघ्याकडं जायचं. हा एका हातानं गाडी चालवायचा, एका हातानं जाळी धरायचा. मग त्यानंच ट्यूबची पट्टी लावली, माझ्यागत.

"त्या दिवशी शिरोलीच्या पुढं पट्टी निसटली," आकाराम म्हणाला. "पुढं-मागं ट्रक. स्टेरिंगवरचा हात सोडवंना. ती म्हणत व्हती, वारं... वारं... मी म्हटलं, दोन मिनिटं थांब, कडंला घेतो." त्यानं चिमटा परत उचलला. "कडंला घेतली तवा बोलायची थांबलेली. त्या दिसापासनं ती जाळी कधी पडली न्हाई. त्या सीटवर कोण बी बसू दे, त्याला वारं देती."

माझा राग कुठल्या कुठं गेला. मी बी एका बाईला त्याच सीटवर घेऊन फिरत व्हतो.

घरी येऊन क्रांतीला सगळं सांगितलं आणि म्हटलं, गाडी मोडीत घालूया. ती म्हणाली, "अवो, तुमी नुसता गम लावताय. मला गार सोसत न्हाई, हे त्या माउलीला कुणी सांगितलं का?"

"कुणाला सांगायचं? सीटला?"

"नवऱ्याच्या आधी गेली न्हवं ती? सवाष्ण हाय. दारात आलेल्या सवाष्णीची वटी भरायची सोडून तुमी तिला चिकटवाय लागलाय."

आणि भरली की तिनं वटी! डोक्यावरचं केस विरळ झालेलं, तरी पदर घेतला. रिकाम्या सीटवर खण, नारळ, तांदूळ ठेवलं, सीटच्या पाठीला हळदी-कुंकू लावलं आणि वाकून हळूच म्हणाली, "बाई, तुमचा जीव वाऱ्यासाठी गेला, मला ठावं हाय. पर मला गार सोसत न्हाई. एवढं समजून घ्या."

पुढची फेरी. येताना शिरोलीच्या पुढं टक्क. मी ब्रेक दाबणार, तर तिनं माझा हात धरला. "थांबा... काय करू नका."

मी हात पुढं केला. बाकीच्या तिन्ही जाळ्यांतनं गार वारं, आणि त्या एका जाळीतनं गरम. लेकराच्या डोळ्यात कचरा गेला की आई पदराचा बोळा करून फुंकर घालती आणि डोळ्यावर धरती, तेवढं गरम. क्रांती डोळं मिटून बसली, आणि घरापर्यंत झोपली. केमो सुरू झाल्यापासनं ती गाडीत पयल्यांदाच झोपली.

राहिलेल्या फेऱ्या अशाच पार पडल्या. क्रांतीचे रिपोर्ट चांगले आले, आता ती शेतावर बी जाती. नंतर डावी जाळी खाली पडली ती पडलीच. मी काय ती दुरुस्त केली न्हाई. मला वाटलं, गेली बाई आपल्या वाटंनं.

मागल्या आठवड्यात तांब्याची तार आणाय कोल्हापूरला मंगळवार पेठेत गेलतो. एकटाच. येताना शिरोली मागं पडली, आणि टक्क. डावी जाळी तशीच पडलेली. फिरली ती माझ्या बाजूची, जी कधी सैल न्हवती. सावकाश वर आली आणि बरोबर माझ्या तोंडावर थांबली. मी ती तीनदा बाजूला केली. तिन्ही डावाला परत आली.

घरी मी काय बी बोललो न्हाई. पर काल क्रांती माझ्यासंगं बसलेली, तिनं बघितलं. आज सकाळी उठून गेली आणि डॉक्टरकडं माझं नाव लावून आली.

मला तसं काय होत न्हाई, पावणं. वरच्या माळ्यावर चढताना जरा दम लागतो, पर ते वयानं असंल की.