समोरची बाजू

थोरली त्या दिवशी भुताखेतांच्या शोधात गेली नव्हती, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. ती कोट आणायला गेली होती.

तिच्या वडिलांना, वकील अण्णांना, जाऊन महिना होत आला होता. दुसऱ्या दिवशी कोर्टात वकील मंडळींनी शोकसभा ठेवली होती, आणि अण्णांचा काळा कोट त्यांच्या नेहमीच्या खुर्चीवर ठेवायचा असं ठरलं होतं. कोट राहिला होता ऑफिसात. धाकटा भाऊ स्वतः वकील, पण वडील गेल्यापासून त्या जिन्याकडे फिरकला नव्हता. म्हणे वेळ मिळत नाही. थोरली म्हणाली, तुझा वेळ तुझ्यापाशी ठेव, किल्ली तेवढी दे.

सभेत तिलाही दोन शब्द बोलायचे होते. लेकीने बापाबद्दल बोलावं, असा सगळ्यांचा आग्रह. रस्ताभर ती एकच वाक्य घोळवत होती : माझ्या वडिलांनी जाणूनबुजून कधी कुणाचं वाईट केलं नाही. वाक्य साधं, खणखणीत. पण 'जाणूनबुजून'पाशी आलं की जीभ अडखळायची.

आता अण्णा माणूस कसा होता, ते ऐका. आवाज कधी चढवला नाही. कोर्टात म्हातारी साक्षीदार आली की आधी तिच्यासाठी खुर्ची मागायचे आणि मग प्रश्न विचारायचे. त्यांच्याकडून हरलेली माणसंसुद्धा रस्त्यात त्यांना नमस्कार करायची. आणि घरी? घरी या माणसाने आई गेल्यावर पोरींच्या वेण्या घातल्या, त्याही वाकड्या. थोरलीची शाळा चौथीतच सुटली, घर तिच्या अंगावर पडलं, आणि याची बोच अण्णांना शेवटपर्यंत होती. म्हणून की काय, त्यांनी तिला एका वेगळ्याच शाळेत घातलं.

मोठा खटला असला की आदल्या दिवशी ते तिला ऑफिसात बोलवायचे. आतल्या खोलीचं दार लावायचं, अण्णा टेबलाच्या अलीकडे, ती पलीकडे. "हं, आता तू समोरची बाजू," म्हणायचे. आणि ती भांडायची. कायदा तिला ठाऊक नव्हता, पण घर ठाऊक होतं. दार आतून बंद होतं म्हणता, मग दूध कुणी आत घेतलं? नवरा झोपला होता म्हणता, मग अंथरूण कुणी काढलं? अण्णा हसून हसून बेजार व्हायचे. म्हणायचे, देवाची कृपा, तू चौथीत थांबलीस, नाहीतर माझी वकिली बुडाली असती. तिच्यापुढे टिकलेला मुद्दा कोर्टात टिकायचाच.

एकच खटला त्यांनी तिच्यासमोर कधी मांडला नाही. ज्या खटल्याने त्यांचं नाव झालं, नेमका तोच.

ऑफिसची इमारत सुट्टीमुळे ओस होती. आभाळ दिवसभर दाटलेलं, संध्याकाळ व्हायच्या आतच जिन्यात काळोख साठला होता. खाली स्टुलावर टाचणीकाका बसले होते. अण्णांचे जुने कारकून. कागद लावता लावता ओठांत टाचणी धरायची सवय, म्हणून ते नाव. गुडघे गेल्यामुळे त्यांनी वर यायला नकार दिला. म्हणाले, "तू एकटी जा. वर कोणी असलंच, तर तेच तुला घाबरेल."

वर बाहेरच्या खोलीतला दिवा लागेना. रिकामी बाकं, दमट कागदांचा वास, आणि त्यात मिसळलेली लवंग. अण्णांच्या गालात कायम लवंग असायची. महिनाभर बंद असलेल्या खोलीत तो वास इतका ताजा कसा, हे तिच्या मनात आलं, पण तिने त्याला भीक घातली नाही. दारामागच्या खुंटीवरचा कोट काढून हातावर टाकला. वळली, आणि आतल्या खोलीतून आवाज आला.

"नाही. मला माहीत नव्हतं."

आवाज अण्णांचा होता.

मधल्या दाराला दुधी काच होती. काचेपलीकडे अंधार. थोरलीच्या अंगावर काटा आला, पण पाय मागे गेले नाहीत. उलट छातीत काहीतरी भरून आलं. महिनाभर ज्या आवाजासाठी ती उशीत तोंड खुपसून रडली होती, तो आवाज आत बोलत होता. ती काचेला कान लावून उभी राहिली.

आत शांतता. कुणी प्रश्न विचारताना जितका वेळ लागतो, तेवढीच. प्रश्न मात्र ऐकू येत नव्हता.

"तो म्हणाला, ती गच्चीवरून पडली," अण्णा म्हणाले. "मी विश्वास ठेवला."

पुन्हा शांतता.

"वेडी नाही म्हटलं मी तिला... मनाने नाजूक, इतकंच म्हटलं."

शांतता. या वेळी जास्त लांब.

"...म्हटलं असेन."

थोरलीला कळलं, आत काय चाललंय. सराव चालला होता. तिच्या जागेवर टेबलापलीकडे दुसरं कुणीतरी होतं, आणि अण्णा हरत होते. जन्मात कुणापुढे न हरलेला माणूस एकेक पाऊल मागे सरकत होता, आवाज बारीक बारीक होत होता.

तो खटला तिला चांगला आठवत होता. श्रीमंत कारखानदाराची बायको गच्चीवरून पडून मेली. पोलीस म्हणाले, नवऱ्याने ढकलली. अण्णांनी कोर्टात असं चित्र उभं केलं, की बाई डोक्याने कमी होती, आधीही दोनदा कठड्यावर चढली होती. मेलेल्या बाईची आई समोर बसून ते ऐकत होती. नवरा सुटला. त्या आईला नंतर गावात कुणी पाहिलं नाही. अण्णा घरी म्हणाले होते, मला जे सांगितलं गेलं तेच मी मांडलं. घरात सगळ्यांनी ते मानलं.

थोरलीनेही मानल्यासारखं केलं. पण खटल्याच्या आधीच्या आठवड्यात चहा घेऊन ती याच दारातून आत गेली होती. अण्णा त्या नवऱ्याला विचारत होते, "तुम्ही ढकललं का?" आणि तो खाली मान घालून 'हो' म्हणाला होता. अण्णांनी वर पाहिलं, ट्रे धरून उभी असलेली मुलगी दिसली. म्हणाले, चहा ठेव आणि जा. त्यावर पुढे आयुष्यभर दोघं एक अक्षर बोलले नाहीत.

आत पुन्हा प्रश्न आला असावा. मग अण्णा म्हणाले, अगदी थकून, "माझ्यावर विश्वास नसेल तर... माझी मुलगी होती तिथे. तिला विचारा."

थोरलीने काचेवरचा कान काढला.

दुधी काचेवर काही हललं नाही. पण काचेपलीकडे कुणीतरी अगदी जवळ येऊन उभं राहिलंय, इतकं की श्वास सोडला तर काच धुरकटेल, एवढं तिला कळलं. कुणी विचारलं नाही. तरी प्रश्न तिला समजला.

ती शूर बाई. तहसीलदारालाही तोंडावर सुनावणारी. आणि खरं बोलायचं तर तिला खरं सांगायचंही होतं. इतकी वर्षं ते घशात अडकलं होतं. पण आतला तो थकलेला आवाज तिच्या वेण्या घालणाऱ्या माणसाचा होता. लेकीने बापाला असल्या अंधारात एकट्याला सोडायचं?

"मी काही ऐकलं नाही," ती म्हणाली. "चहा ठेवला आणि आले. माझ्या बापाला काही माहीत नव्हतं."

आत खुर्ची सरकली. कुणीतरी मोठा निःश्वास सोडला. तो अण्णांचाच होता की दुसऱ्या कुणाचा, हे तिला शेवटपर्यंत सांगता आलं नाही. तिने दार ढकललं. खोली रिकामी. टेबल, खुर्च्या, पुस्तकं, सगळं जागच्या जागी. लवंगेचा वासही गेला होता.

ती कोट घेऊन खाली आली. टाचणीकाका पेंगत होते, जागे झाले. इमारतीच्या दाराचं कुलूप हातात घेता घेता म्हणाले, "त्या बाईंचं काम झालं का?"

"कोण बाई?"

"त्या म्हाताऱ्या, आत्ता तुझ्या पुढेच उतरल्या की. अशील असतील, म्हटलं सुट्टी माहीत नसेल." काका किल्ली शोधत राहिले. "म्हणाल्या, साक्ष झाली, पण शपथ घ्यायची राहिली. घर विचारलं. मी सांगितलं."

"तुम्ही पत्ता दिलात?"

काकांना तिचा चेहरा अंधारात दिसला नाही. त्यांनी साधेपणाने सांगितलं, की अण्णांचा जन्माचा हुकूम होता, दारी आलेल्या बाईमाणसाला घरचा पत्ता नाकारायचा नाही.

थोरली घराकडे निघाली ती चालत नव्हती, जवळजवळ पळत होती. कोट हातातून गळून दोनदा रस्त्यात पडला. दारात उभं राहून खोटं बोलणं वेगळं, शपथेवर वेगळं. शपथेवर खोटं बोलणाऱ्याला अण्णा साक्षीला उभं करत नसत. स्वतःचा अशील असला तरी वकीलपत्र परत करत. मग आता ते काय म्हणतील? की म्हणतील, बोल बाई, माझ्यासाठी बोल? घरापर्यंत तिला काही ठरवता आलं नाही.

भावजयीने दार उघडलं. चेहऱ्यावर काळजी वगैरे काही नव्हती, नुसता पाहुणे आल्याचा वैताग.

"वन्सं, बरं झालं आलात. एक बाई आल्यात अण्णांच्या ओळखीच्या. समोरच्या खोलीत बसवलंय. काही बोलत नाहीत, फक्त म्हणाल्या, तीन खुर्च्या ठेवा." तिने आवाज खाली आणला. "एकट्याच आहेत हो. तरी मी आपलं तीन पेले पाणी नेऊन ठेवलं. त्यांनी आपल्या पेल्याला हातसुद्धा लावला नाही..."

"मग?"

"पण मधला पेला रिकामा झालाय."

थोरलीने कोट भावजयीच्या हातात दिला. समोरच्या खोलीचं दार उघडंच होतं. आत दिवा लावलेला होता. ती उंबऱ्यापाशी क्षणभर थांबली, आणि मग जी तिसरी खुर्ची तिच्यासाठी ठेवली होती, तिच्याकडे चालू लागली.