उसना घास

तुम्ही खेळ विकत घेता, खेळता, कंटाळा आला की टाकून देता. पण त्याआधी तो माझ्यासारख्या कुणीतरी डोळे फुटेस्तोवर खेळलेला असतो, हे तुमच्या गावीही नसतं. चुका शोधणं हे माझं काम. पाय भिंतीतून आरपार जातो का, दार उघडलं की खेळ बंद पडतो का, हे बघायचं. माझ्या तोंडाला लगाम नाही आणि नजर खोडसाळ, म्हणून मला या कामावर घेतलं असं साहेब हसत सांगतात. सांगोत बापडे.

तर आमच्याकडे एक जुना भुताटकीचा खेळ होता. एकटा माणूस, एक बंद पडलेलं वसतिगृह, बाहेर पडायची वाट शोधायची. बास. तो नव्याने बाजारात आणायचं ठरलं. मधल्या काळात त्याला तीन धाकटी भावंडं झालेली, म्हणजे पुढचे भाग. साहेब म्हणाले, लोकांना भावंडांमधलं जे जे आवडलं ते ते थोरल्यात घाला. मग दुसऱ्यातून धावणं आणलं, चौथ्यातून नकाशा आणि हातातला कंदील. आणि तिसऱ्यातून आणली भूक. ‘घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं’ असं मी भर बैठकीत म्हणाले. पण ऐकतंय कोण!

तिसऱ्या भागात तुमच्याबरोबर एक सोबती असतो. स्वयंपाकघरात जे सापडेल ते त्याला भरवायचं. नाही भरवलं तर तो मरतो. आणि सापडतं काय? शी! हिरवं पडलेलं मांस, केसाळ बुरशी धरलेला पाव, पातेल्याच्या तळाशी तार सुटलेलं काहीतरी. आमच्या चित्रकार बाईंनी एकेक अळी जीव ओतून काढली होती. मी जेवणाआधी त्या खोलीत कधी शिरत नसे.

ही भूक थोरल्या खेळात बसवायचं काम माझ्या धाकट्या भावाकडे होतं. सख्खा भाऊ, शेजारच्याच टेबलावर बसतो. लहानपणापासून खादाड, म्हणून मी त्याला ढोल्या म्हणते. आई गेल्यावर मीच त्याला वाढवला, तेव्हा तेवढा हक्क आहे माझा. त्याला अडचण आली ती अशी, की थोरल्या खेळात सोबतीच नाही. भरवायचं कुणाला? ती जागा रिकामी दिसली की खेळ धाडकन बंद पडायचा. आमच्याकडे अशा वेळची एक सवय आहे. रिकाम्या जागी तात्पुरतं स्वतःचं नाव टाकायचं आणि खरं काय ते सवडीने भरायचं. ढोल्याने तेच केलं. सोबत्याच्या जागी स्वतःचं नाव टाकलं. चावण्याचा आवाजही स्वतःचाच, माइकसमोर केळं खाऊन भरलेला.

दुपारची वेळ होती. पडदा नीट दिसावा म्हणून आमच्या खोलीच्या खिडक्यांना काळा कागद लावलेला असतो, त्यामुळे बाहेर ऊन असलं तरी आत सदा तिन्हीसांज. मी वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात गेले, मांसाचा एक तुकडा उचलला आणि ‘भरव’ची कळ दाबली. समोर कुणीच नव्हतं. हात हवेत पुढे गेला आणि रिकामा परत आला. कानात चावण्याचा आवाज सुरू झाला, ओला, सावकाश. मिटक्या मारत खाणाऱ्यांचा मला मुळात तिटकारा. मी हेडफोन काढून ठेवले.

आवाज थांबला नाही.

तो शेजारून येत होता. ढोल्या पडद्याकडे बघत काम करत होता आणि त्याचा जबडा हलत होता.

“काय खातोयस रे?”

“कुठे काय?” तो म्हणाला. मग थबकला. जीभ गालात फिरवली, बोट तोंडात घातलं आणि काहीतरी काढून टेबलावर ठेवलं.

पांढरं होतं. वळवळत होतं.

मी खुर्ची मागे ढकलून उठले. ढोल्या मात्र ते बोटाने लांब सारत एवढंच म्हणाला, “ताई... चव जात नाहीये गं.”

मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण माणूस आधी डब्यावर शंका घेतो, पाण्यावर घेतो, पोटावर घेतो. माझ्या खेळावर मी कशी घेईन? मी आपली रोज कळ दाबत राहिले. मग भावजयीचा फोन आला. रडवेली झाली होती.

“ताई, हे घरी घासही खात नाहीत. पोट भरलंय म्हणतात. आणि ढेकर देतात तेव्हा... काय सांगू, मेलेल्या उंदरासारखा वास येतो हो. मी खाली जमिनीवर झोपते आता.”

आता मला त्या कळेचीच शंका आली. दुसऱ्या दिवशी मी ढोल्याला काही न सांगता खेळाला हातच लावला नाही. संध्याकाळपर्यंत तो खुर्चीत मान टाकून पडला होता. त्याला बळेबळे दूध पाजलं, ते उलटून आलं. मऊ भात दिला, तोही उलटला. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि काही सापडत नाही म्हणाले. मग मी त्याला खरं ते सांगितलं. मला वाटलं होतं, वेड्यात काढेल. तो फक्त म्हणाला, “मला वाटतच होतं. तू कळ दाबलीस की तुझ्या हाताचा वास येतो.”

त्याने स्वतःचं नाव खोडलं, जागा नीट बंद केली. तीन दिवसांत तो उठून बसेनासा झाला. नाव परत टाकलं, तेव्हा कुठे डोळे उघडले.

चित्रकार बाईंच्या हातापाया पडून मी खेळात घालायला एक ताजं सफरचंद रेखाटून घेतलं. का हवंय ते सांगितलं नाही. लालबुंद, पाण्याचे थेंब असलेलं. ते भरवलं तर ढोल्या दातओठ आवळून बसला. ती भूक सडक्यावरच पोसलेली होती. तिला दुसरं चालतच नव्हतं.

माझी खरी भीती वेगळीच होती. खेळ बाजारात गेला की तो हजारो हातांत पडणार. कोणी गंमत म्हणून त्याला अळ्या चारेल, कोणी दिवसभर तसाच टाकून फिरायला जाईल. माझा भाऊ लोकांच्या खेळण्यातला जीव होणार! मी साहेबांच्या खोलीत जाऊन टेबल दणाणलं. भूक नको, लोकांना किळस येईल, खेळ आपटेल, वाट्टेल ते बोलले. साहेब कंटाळून म्हणाले, “काढा बाई ती भूक. धावणं, नकाशा आणि कंदील पुरे.”

भूक नसलेला खेळ बाजारात गेला. लोकांना आवडलाही. भूक असलेली एकच प्रत मी घरी माझ्या संगणकावर आणली आणि त्याला इंटरनेट जोडलं नाही. ढोल्याला आणि भावजयीला माझ्याकडेच राहायला आणलं.

तेव्हापासून मी त्याला भरवते आहे. त्यातल्या त्यात बुरशीचा पाव निवडते. मी कळ दाबते, मागे पलंगावर तो चावतो, आणि मी नाकाला पदर लावून बसते. आपल्या हाताने आपल्या भावाला घाण चारायची, आणि वर तो नीट गिळतोय ना ते बघायचं! लाज वाटते, किळस वाटते. पण तो जगला पाहिजे. त्याचं वजनही वाढायला लागलं, गाल भरले. मला आनंद झाला. एका पावाने माणूस एवढा भरत नाही, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही.

काल वीज गेली होती. सकाळपासून संगणक बंद. जेवणाच्या टेबलाशी मी ढोल्यासमोर बसले होते, वीज कधी येते याची वाट बघत. भावजय ओट्यापाशी भांडी घासत होती. मी त्याला म्हटलं, “कळ काढ रे थोडी. आली वीज की देते.”

तो चावत होता.

“अरे, तोंडात काय आहे? मी तर आज काहीच...”

“तुझं नाहीये ते,” तो भरल्या तोंडाने म्हणाला. “हे तिचं.”

“कुणाचं?”

“तुझा घास झाला की रोज तिचा येतो. तुझ्या शेजारीच तर बसते. मला वाटलं, तुला ठाऊक आहे.” त्याने सावकाश गिळलं. ओठांच्या कोपऱ्यातून लाल ओघळ हनुवटीवर आला, तो त्याने जिभेने टिपला. “तिचं सडकं नसतं गं, ताई... गरम असतं.”

ओट्यापाशी भांड्यांचा आवाज थांबला. भावजय हातात फडकं धरून आमच्याकडे बघत उभी होती.

ढोल्याने पुन्हा आ वासला, माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे तोंड करून.