तिसरी ओळ

त्या दुपारी बर्फ पडत नव्हतं आणि पाऊसही पडत नव्हता – दोन्हींच्या मधलं काहीतरी ओलं, टोचरं पडत होतं. त्यातच माझ्या बुटाचा तळ सुटला. म्हणून मी ‘आकाशगंगा’ कॉफीघरात शिरले. नाहीतर कोरियातल्या जॉन्जू शहराच्या टेलिफोन केंद्रातली, घर ते काम एवढंच जाणणारी एकवीस वर्षांची मुलगी तिथे कशाला जाईल?

सात नंबरचं टेबल शेगडीजवळ होतं. समोर काचेच्या खोलीत लाल स्वेटर घातलेला डीजे रेकॉर्ड पुसत होता. फटीतून चिठ्ठी आत टाकायची, ती तो माइकवर मोठ्यानं वाचणार आणि मग गाणं लावणार, अशी तिथली पद्धत. मी लिहिलं, ‘आत्ताच्या इंग्रजी गाण्यातली बाई एवढी कुणावर चिडली आहे?’

त्यानं चिठ्ठी वाचली. सगळं कॉफीघर हसलं.

“राखाडी मफलरवाल्या बाई, ती चिडलेली नाही हो,” तो माइकवर म्हणाला. “स्टेशनवर एकटीच उभी आहे... रडून रडून नाक चोंदलंय तिचं.”

त्याचं नाव छांग-हो. संध्याकाळी तो शेगडीपाशी हात शेकायला आला, तेव्हा मी धीर करून विचारलं, “डीजे साहेब, गाण्यांवरून इंग्रजी शिकता येतं?”

“कशाला हवंय, मिस...?”

“छे माझं आडनाव. छे ओक-बुन. मार्चमध्ये सोलला परीक्षा आहे. परदेशी फोन जोडायला मुली घेताहेत. पास झाले तर सुटले. नाहीतर भातगिरणीवाल्याच्या मुलाशी माझं लग्न लावणार आहे दादा.”

“गिरणीवाला वाईट आहे का?”

“चांगला आहे. जेवताना बोलत नाही. जेवण झाल्यावरही बोलत नाही.”

तो हसला. “रोज एक गाणं,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून माझ्या चिठ्ठीच्या मागे तीन ओळी येऊ लागल्या. वर इंग्रजी, मध्ये आपल्या कोरियन लिपीत उच्चार, खाली अर्थ. मी त्या केंद्रात फोन जोडायच्या खटक्यांसमोर बसून पाठ करायचे. कॉफीघराच्या मालकीणबाई – त्यांना सगळे मादाम म्हणत – कप उचलताना टोमणा मारायच्या, “मिस छे, एका कॉफीत मिळतं तेवढंच इंग्रजी घ्या. वरच्याचं काय ते वेगळं बघू.”

अर्थ फार गोड असायचे. ‘तुझ्या राखाडी मफलरवरचं बर्फ वितळायच्या आत काहीतरी बोल...’ किंवा, ‘सात नंबरचं टेबल रिकामं असलं की सुई पुढे सरकत नाही...’ इंग्रजांकडेही टेबलांना नंबर असतात, एवढंच मला वाटलं. तेव्हा मी इतकी भोळी होते.

फेब्रुवारीत केंद्रातल्या एका ताईनं शब्दकोश दिला. एका रात्रीत मी चिठ्ठ्या पडताळल्या. सात नंबरच्या टेबलाचं गाणं मुळात एका ट्रकवाल्याचं होतं, आणि तो आपल्या म्हाताऱ्या कुत्र्याचं कौतुक करत होता.

परीक्षेला वीस दिवस उरले होते. मी लिहिलं, ‘अर्थ खोटे आहेत. माझं सगळं आयुष्य पणाला लागलंय, आणि तुम्ही गंमत केलीत?’

ती चिठ्ठी त्याला खिशात घालता आली असती. त्यानं ती माइकवर वाचली – अख्खी.

“मला इंग्रजी येत नाही,” तो म्हणाला. “रेकॉर्डच्या पाकिटावरून अक्षरं उतरवतो. पहिले अर्थ लाज राखायला रचले. नंतरचे... नंतरचे रचलेले नव्हते, मिस छे.”

“झालं,” मादाम पुटपुटल्या. “आता उद्यापासून याला कोण डीजे म्हणेल?”

मी निघून गेले. दोन दिवस तिकडे गेले नाही. तिसऱ्या दिवशी गेले, तर सात नंबरवर तोच बसला होता. समोर जुना, पानं सुटलेला शब्दकोश.

“तुम्ही शोधा, मी रेकॉर्डची सुई मागे नेतो,” तो खाली बघत म्हणाला. “हवं तेवढ्या वेळा.”

उरलेले सतरा दिवस रोज तासभर एकेक ओळ आम्ही दहा-दहा वेळा ऐकली. रेकॉर्ड्स खरखरायच्या. सोलच्या परीक्षेत कानात परदेशी माणसाचा खरखरता आवाज आला, बाकीच्या मुली गोंधळल्या, आणि मला मात्र आकाशगंगेत बसल्यासारखं वाटलं. मी पास झाले.

कायमची सोलला निघाले, तेव्हा तो स्टेशनवर आला आणि एक चिठ्ठी हातात दिली. वरच्या दोन ओळी कोऱ्या होत्या. फक्त तिसरी होती, ‘तुझ्याशिवाय मला राहवणार नाही.’

“गाणं कुठलं?” मी विचारलं.

“गाणं नाही,” तो म्हणाला. “वरचं मला येत नाही.”

गाडी हलली.

सोलला पहिला पगार झाल्यावर मी त्या दोन कोऱ्या ओळी भरल्या – त्याच वाक्याचं इंग्रजी आणि त्याखाली उच्चार – आणि चिठ्ठी पोस्टानं परत पाठवली. दुसरं काही लिहिलं नाही.

पुढच्या रविवारी सोलच्या केंद्राच्या दारात लाल स्वेटर दिसला. हातात तीच चिठ्ठी. भर रस्त्यात घसा खाकरून त्यानं ती मधली ओळ मोठ्यानं वाचली. फार वाईट वाचली... जाणारे-येणारे थांबून बघू लागले.

“चुकलं का?” त्यानं विचारलं.

“पुन्हा म्हणा,” मी म्हणाले. “सुई मागे न्या.”