संध्याकाळच्या यादीतलं नाव

दहाव्याला गेले होते मी, पूर्णगडला. ऑफिसातर्फे कुणीतरी जायला हवं होतं, आणि आमच्या ऑफिसात 'कुणीतरी' म्हणजे वीस वर्षं मीच. गेल्या वर्षीची गोष्ट, अठ्ठ्याऐंशीच्या श्रावणातली. दिवा जरा मोठा करा हो. नाही, घाबरत नाही मी. झुरळ, पाल आणि आमचे शिर्केसाहेब सोडले तर मी कुणालाच घाबरत नाही.

आमचं ऑफिस म्हणजे मच्छीमारांचा संघ, मिरजोळ्याला, बर्फाच्या कारखान्याला लागून. मी तिथे टायपिस्ट. कम्प्युटर सांभाळायचा हरिश्चंद्र डोर्लेकर. पूर्णगडच्या खाडीपलीकडे एका वाडीत त्याची आई, गोदूबाई. दर शनिवारी होडीने पलीकडे जायचा, सोमवारी परत. आषाढातल्या एका शनिवारी होडी उलटली. तिसऱ्या दिवशी सापडला तो.

तर दहाव्याला कावळा शिवेना. नारळीवर बसलेला, पिंडाकडे बघतोय, पण खाली येईना. मामा म्हणाला, आईला सांभाळीन. चुलता म्हणाला, बहिणीचं लग्न लावून देईन. नाहीच. पाऊस मारत होता, दर्भ भिजून गेले. गोदूबाई माझ्याकडे वळली.

"गो बाय, हापिसात त्याचं काय राहिलं असंल. तू बोल. सुटंल तरी माजा हरी."

खरं सांगू? माझं लक्ष घड्याळात होतं. दीडची एसटी चुकली की पुढची पाचला. मी हात जोडले आणि म्हटलं, "हरिश्चंद्रा, तुझं ऑफिसातलं राहिलेलं काम मी पुरं करीन, बाबा."

पंखांचा आवाजसुद्धा झाला नाही. कावळा पिंडावर.

एसटी मिळाली. मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटलं. काय राहिलंय ते विचारायचं मात्र राहून गेलं.

सोमवारी शिर्केसाहेब म्हणाले, "कमलाबाई, आता कम्प्युटर तुम्हीच शिका. शब्द दिलायत म्हणे."

चव्वेचाळिसाव्या वर्षी शिकले मी. मुंबईहून एक माणूस आला, तीन दिवस काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं नाचवून गेला. उरलेलं हरिश्चंद्राच्या वहीतून. त्या यंत्राला हुकूम लिहून द्यायचा, एका ओळीत. चुकलं तर ते उलट बोलतं. बरोबर असलं तर गप्प. आमच्या घरी नेमकं उलट आहे, त्यामुळे सवय व्हायला वेळ लागला. ग्रेप म्हणजे ढिगातून हवी ती ओळ शोधणं. कॉम म्हणजे दोन याद्या शेजारी ठेवून एकीत आहे आणि दुसरीत नाही ते काढणं. ओळी मोजायच्या हुकमाला म्हणतात डब्ल्यूसी. तो मुंबईकर मोठ्याने म्हणाला, "बाई, आता डब्ल्यूसी करा," आणि बाहेर बाबल्या शिपाई हसून हसून स्टुलावरनं पडायचा बाकी राहिला.

आणि असे चार-पाच हुकूम एका फायलीत एकाखाली एक लिहिले, की ते आपलं आपण चालतं. रांगोळीचा साचा असतो ना, तसं. हरिश्चंद्राने असा एक साचा केला होता, नाव 'तपास'. सकाळी दर्यावर गेले त्यांची एक यादी, संध्याकाळी आले त्यांची दुसरी. रोज साडेचारला 'तपास' दोन्ही याद्या ताडून बघायचा, आणि जे आले नाहीत त्यांची नावं प्रिंटरवर. मग बाबल्या सायकल काढून बंदरावर विचारायला. सगळे आले असले की कागदावर नुसती तारीख.

तो गेल्यापासून 'तपास' बंद होता. पावसाळ्यात होड्या माडाची झापं घालून काठावर. दोन्ही याद्या रिकाम्याच असणार. सराव म्हणून मी तो परत चालू केला.

साडेचार वाजले. बाहेर इतकं काळं की दिवे लावलेले. प्रिंटर करकरला. तारीख. आणि खाली एक ओळ.

हरिश्चंद्र भिकाजी डोर्लेकर.

बाबल्या म्हणाला, "बाई, तो शनिवारी जाताना सोताचं पन नाव घालायचा. म्हनायचा, मी बी पान्यावरनंच जातो ना. सोमवारी येऊन आलो म्हनून लिवायचा."

तेवढंच होतं तर. शेवटच्या शनिवारचं राहिलेलं. पण रोज साडेचारला तो कागद... रोज एकच नाव. मला कळलं, हेच ते राहिलेलं काम. हे पुरं केलं की तो सुटला.

साहेब म्हणाले, सकाळच्या यादीतनं नाव काढून टाका. सोपं होतं. पण वहीच्या पहिल्याच पानावर त्याने दोनदा अधोरेखित केलं होतं: 'सकाळच्या यादीतलं नाव कधी खोडायचं नाही. दर्यावर गेलेल्याचं नाव खोडत नाहीत.' आमच्याकडे बायकासुद्धा माणूस घरी येईपर्यंत त्याचं ताट उचलून ठेवत नाहीत. मला खोडवेना.

म्हणून मी ते संध्याकाळच्या यादीत लिहिलं. आला म्हणून.

यंत्र गप्प राहिलं. म्हणजे बरोबर. त्या दिवशी साडेचारला कागदावर नुसती तारीख आली. मी देवीला नारळ बोलले आणि घरी जाऊन भजी तळली.

चौथ्या दिवशी गोदूबाई ऑफिसात आली. पायापासून डोक्यापर्यंत भिजलेली. बस म्हटलं तर बसेना.

"गो बाय, तू काय केलंस?"

"काम पुरं केलं, गोदूबाई. सुटला तो."

"सुटला नाय..." तिचा आवाज अगदी खाली. "आलाय. मंगळवारच्यान येतोय. साडेचारला. पडवीत बसतो. बोलत नाय, जेवत नाय. अंगातनं पानी गळतं, गो, थांबतच नाय. तुज्याकडं सुटका मागितली, तू त्येला माघारी धाडलंस?"

मंगळवार. त्याच दिवशी लिहिलं होतं मी.

"खोडते," मी म्हटलं. "आत्ता खोडते."

तिने माझं मनगट धरलं. हात बर्फासारखा. "...ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "माजा पोर हाय तो." मग दाराकडे वळून, "पन येकटा नाय आला, बाय. पडवी पुरत नाय आता."

ती गेली. फरशीवर पाण्याचा माग राहिला, खाऱ्या वासाचा.

मी पडद्यासमोर बसले. संध्याकाळच्या यादीत किती ओळी, विचारलं. मी एकच लिहिली होती. कम्प्युटरच्या खोलीची किल्ली माझ्याच कनवटीला असते.

पडद्यावर आलं: ६.

बाकीची पाच नावं ओळखीची नव्हती. मी बाबल्याला हाक मारली. निवृत्तीला आलेला माणूस, बंदरावरची चार पिढ्यांची नावं त्याला पाठ. तो चष्मा पुसून वाचायला लागला. तिसऱ्या नावाशी थांबला.

"बाई... ह्यो माजा थोरला भाव. सदू. एकोनीस वरसं झाली. होडी मिळाली नाय, कोन मिळालं नाय."

त्याने टोपी काढली, परत घातली. "मी जरा लवकर जाऊ? चार वाजलेत. घरी कोन नाय दार उघडायला."

नको म्हणायला हवं होतं मी. मी म्हटलं, "जा."

तो गेल्यावर सगळी सहा नावं पुसली. हुकूम दिला, यंत्र गप्प. परत मोजलं. सहा. परत पुसलं. सहा. लाइट गेली, आली, यंत्र परत चालू केलं. सात.

दुसऱ्या दिवशी बाबल्या वेळेवर कामावर आला. कपडे कोरडे होते. केस मात्र डोक्याला चिकटलेले. स्टूल पुसलं, चहा आणला. कप ठेवताना हळूच म्हणाला, "बाई, एक काम हाय. माजं नाव सकाळच्या यादीत घाला."

"बाबल्या, अरे होड्या बंद आहेत. कुठे जाणार तू?"

"सदू म्हनतो, इथं लई कोरडं हाय. म्हनतो, चल."

मी नाही घातलं. शप्पथ सांगते, नाही घातलं. खोलीला कुलूप लावलं, किल्ली कनवटीला खोचली, आणि दिवसभर बाबल्याला माझ्यासमोर स्टुलावर बसवून ठेवला. त्याला शेंगा सोलायला दिल्या. चार वाजले. सव्वाचार. मी एकदा, एकदाच, खिडकीचं दार आपटतं म्हणून लावायला वळले.

स्टुलावर शेंगांची टरफलं होती. सायकल स्टँडला तशीच.

आणि कुलूप लावलेल्या खोलीत प्रिंटर वाजायला लागला. नुसती तारीख छापायला त्याला जेवढा वेळ लागतो, त्याहून एका ओळीने जास्त वाजला.