पुन्हा एकदा धृपद

छत्री वाऱ्यावर उडत आली आणि आमच्या अंगणातल्या सफरचंदाच्या झाडात अडकली.

अर्जेंटिनातल्या आमच्या गायमानमध्ये, वेल्श लोकांनी वसवलेल्या या कोरड्या गावात, छत्री कोणी बाळगत नाही. इथे चुकून पाऊस आलाच, तर लोक तो अंगावर घ्यायला बाहेर येतात. मी शिडी लावून ती काढत होते, तेवढ्यात फाटकातून एक लांब नाकाचा मुलगा धापा टाकत आत आला.

“माझी आहे,” तो वेल्शमध्ये म्हणाला. मग घाईघाईने मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये तेच.

मी शिडीवरच थबकले. अशी वेल्श आमच्या खोऱ्यात कोणी बोलत नाही. हा खुद्द वेल्सहून आलेला...

आमचं घराणं मूळचं इटलीकडचं, केक भाजणारं. वेल्सशी आमचा काही संबंध नाही. पण लहानपणी एकदा पावाची टोपली घेऊन मी चॅपेलच्या खिडकीखाली उभी होते, आणि आत म्हातारे पाळक प्रवचन करत होते. बोलता बोलता त्यांचा आवाज चढत गेला, आणि बोलण्याचं गाणं कधी झालं ते कळलंच नाही. एक शब्द समजला नाही. डोळे मात्र भरून आले. ज्या देशात देवाशी असं बोलतात, तो देश केवढा असेल... त्यानंतर मी ती भाषा शिकले, तिथल्या नद्या, तिथली खेडी पाठ केली. रविवारी चॅपेलमध्ये बायकांच्या खालच्या स्वराच्या बाकावर बसून गाऊ लागले.

“देताय ना छत्री?”

“थांबा.” मी ती उघडली. घडीत ओलसर वास होता, आणि एक चिमुकलं पान चिकटलेलं. “हा... तिथला पाऊस?”

“बुरशी असेल,” तो म्हणाला.

मी तरी डोळे मिटून वास घेतला. उघडले, तर तो छत्रीकडे नाही, माझ्याकडे बघत होता.

त्याचं नाव येस्तिन. इथल्या वेल्श शाळेत वर्षभर शिकवायला आलेला. मग रोज दुपारी आमच्या चहाघरात यायला लागला.

“तुमच्या गावामागे एक टेकडी आहे ना? माथ्यावर ढग बसलेला असतो ती?” मी विचारलं.

“आहे की. पायथ्याशी टायरचं दुकान आहे.”

“ते नका सांगू.”

“आधी ‘तू’ म्हण. मग नाही सांगत.”

मी ‘तू’ म्हटलं. कानापर्यंत लाल झाले.

वर्ष सरत आलं. मुख्याध्यापिकाबाई त्याला म्हणाल्या, अजून एक वर्ष राहा. बस सुटेपर्यंत विचार कर. त्या दुपारी त्याने कप बाजूला सारला.

“नेलिदा, मी इथलाच, शेजारच्या त्रेलेवचा असतो... तर मला केकचा दुसरा तुकडा वाढला असतास?”

मी बशीतला चुरा गोळा करू लागले.

“तू मला बघतेस की माझ्यामागची टेकडी?”

खोटं बोलवेना, आणि खरं काय ते मलाच माहीत नव्हतं. त्याने सामान बांधलं.

जायचा दिवस रविवारचा. बस चॅपेलच्या दाराशी उभी होती, कारण बसचे ड्रायव्हर डॉन अन्सेल्मो आत पुरुषांच्या वरच्या स्वरात गात होते. आमच्याकडे शेवटचं स्तोत्र रंगलं, की कोणीतरी बाकावरून पुन्हा धृपद उचलतं. मग सगळ्यांनी गायचं. धृपद चालू असताना कोणी उठायचं नाही. उचलतात त्या वरच्या स्वराच्या बायका. खालच्या स्वराने नुसती साथ करायची.

वरच्या स्वराच्या बाकावरून मेनिरआजींनी नेहमीप्रमाणे एकदा उचललं. ते संपलं. अन्सेल्मोंनी खिशातून किल्ली काढली. समोरच्या बाकावर येस्तिन बॅगेकडे वाकला.

आणि कोणीतरी धृपद उचललं. खालच्या, कापऱ्या आवाजात. तो आवाज माझा होता.

मेनिरआजींची मान गर्रकन वळली. क्षणभर मी एकटीच गात होते... मग समोरून एक खर्जाचा स्वर आला आणि माझ्या स्वराखाली हात द्यावा तसा उभा राहिला. मागोमाग सगळं चॅपेल गाऊ लागलं. लाकडी छत थरथरलं, काचा वाजल्या, वारासुद्धा बाहेर थांबून ऐकतोय असं वाटलं. खिडकीखाली उभं राहून जे ऐकलं होतं ते आता माझ्याच छातीतून जात होतं. धृपद सरलं, पुढचं येस्तिनने उचललं. मग पुन्हा मी. अन्सेल्मोंनी निमूटपणे किल्ली खिशात टाकली.

बाहेर मेनिरआजी म्हणाल्या, “आमच्या वेळी मुली रुमाल पाडायच्या. एवढा घसा कोणी कोरडा करत नसे.”

येस्तिन माझ्यापुढे येऊन उभा राहिला. “गाताना वेल्स दिसत होतं?”

“दर रविवारी दिसतं,” मी म्हटलं. “आज नाही दिसलं.”

“मग काय दिसलं?”

“तुला घेऊन जाणारी बस.”

तो हसला नाही. डोळे पुसले त्याने.

“अहो मास्तर,” अन्सेल्मो दारातून ओरडले, “येताय, की मी जाऊ? घरी जेवण निवतंय.”

“तुम्ही व्हा पुढे,” येस्तिन म्हणाला. “मी बाईंना सांगायला जातो, राहतोय म्हणून.”

मग त्याने बॅगेतून छत्री काढून माझ्या हातात दिली. आकाशात ढगाचा ठिपका नव्हता. मी ती उघडली, आणि आम्ही दोघं तिच्याखाली चालू लागलो.

“घट्ट धर. वारा आहे.”

“धरलंय,” मी म्हटलं.